उंच ट्रकमधला घाबरट सांधा

"काय रे, तुला भीती वाटते का?"

हा प्रश्न एका मुलीने शाळेच्या फाटकाबाहेर, नववीच्या अर्ध्या वर्गासमोर, गुडघे टेकून विचारला. आणि विचारला कुणाला, तर एका पिकअप ट्रकच्या पुढच्या उजव्या चाकाला! मैत्रिणीने पैज लावली होती, म्हणून विचारला. मागे सगळे पोट धरून हसत होते.

मित्रांनो, त्या चाकाच्या मागे मी होतो. माझं उत्तर तयार होतं. हो, वाटते. इतकी वाटते की माझं पोलाद गार पडतं.

पण मला बोलता येत नाही. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी एक जुना टाय रॉड एंड आहे. नाव ऐकून दचकू नका, दचकायचं काम माझं. तुमच्या खांद्यात हाडाचा एक गोळा असतो आणि तो एका खोबणीत फिरतो, म्हणून तर तुम्ही हात वर करून 'मिस, मिस, मी सांगू?' असं ओरडू शकता. मी तसाच एक सांधा आहे. एक गुळगुळीत पोलादी गोळा, त्याला धरून ठेवणारी खोबणी, आत ग्रीस, आणि पाणी-माती आत जाऊ नये म्हणून वरून रबराची टोपी. ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवलं की एक लांब दांडा सरकतो. त्या दांड्याच्या टोकाला मी, आणि माझ्या पुढे चाक. ड्रायव्हरचं म्हणणं चाकापर्यंत पोचवणारा शेवटचा निरोप्या मीच. मी सुटलो, तर वर ड्रायव्हर कितीही स्टिअरिंग फिरवो, चाक त्याचं ऐकणार नाही. ते आपल्या मनाने वाटेल तिकडे वळेल.

हे मला जन्मापासून माहीत आहे. आधी त्याचा अभिमान वाटायचा. भीती नंतर आली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लालभडक तापलेल्या पोलादावर दणका बसला आणि मला आकार आला. मग गोळा खोबणीत दाबून बसवला. शेवटी टेबलापाशी बसलेल्या एका बाईंनी मला हातात घेतलं, गोळ्याची दांडी अंगठ्याने ढकलून पाहिली. मी सहजासहजी हललो नाही. बाईंना ते आवडलं. त्यांनी माझ्या पाठीवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. पास! मित्रांनो, परीक्षेत पास झाल्याचा आनंद मलाही ठाऊक आहे.

माझा एक जुळा भाऊ होता. तो डाव्या चाकाला गेला, मी उजव्या. एकाच ट्रकमध्ये असूनही आम्ही पुन्हा कधी भेटलो नाही. फक्त दांड्यातून त्याची थरथर मला कळते.

ट्रक हैदराबादला आला आणि हर्षवर्धनरावांचा झाला. त्यांचं अफझलगंजला शेतीच्या पंपांचं दुकान आहे. घर तारनाक्याला. मागे उघडा हौदा, पुढे पाच जणांची केबिन, अशी ही गाडी. खरं तर पिकअप म्हणायला हवं, पण हर्षवर्धनराव लाडाने 'आमचा ट्रक' म्हणतात, म्हणून घरचे सगळे तसंच म्हणतात. घरचे म्हणजे त्यांच्या पत्नी त्रिवेणीताई आणि मुलगी तन्वी. ट्रक आला तेव्हा तन्वी सहा वर्षांची होती. मधल्या सीटवर उभी राहून ती सगळ्या रस्त्याला टाटा करायची.

स्टिअरिंगच्या दांड्यातून केबिनमधलं सगळं बोलणं खाली माझ्यापर्यंत येतं. त्यामुळे माझी स्तुती मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. झहीराबादला पंप पोचवून परत येताना हर्षवर्धनराव म्हणायचे, "बघ त्रिवेणी, हात सोडला तरी गाडी रेघेत चालते!" त्रिवेणीताई म्हणायच्या, "अहो, हात नका सोडू, तोंडानेच सांगा." मी खाली फुलून जायचो. गाडी रेघेत चालते म्हणजे आम्ही दोघे भाऊ रेघेत चालतो, दुसरं काय!

आता एक गोष्ट सांगतो, ती जरा अवघड आहे. कारण माझं नुकसान एका दुष्ट माणसाने केलं असतं तर सांगायला सोपं होतं. माझं नुकसान प्रेमाने झालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हर्षवर्धनरावांच्या घरी अवजारांची पूजा होते. त्यांचे वडील गावाकडे शेती करायचे. ते नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, सगळं डीझेलने घासून लख्ख करायचे. आता शहरात नांगर कुठला? मग हर्षवर्धनराव ट्रकलाच अवजार मानतात. दर वर्षी त्या सकाळी जुना बनियन घालून ते गाडीखाली शिरतात. एका हातात डीझेलचा डबा, दुसऱ्यात ब्रश. सगळा चिखल, सगळं तेलकट काळं ते स्वतः घासून काढतात. नोकराला हात लावू देत नाहीत. मग झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू.

"कसा चमकतोय बघा माझा वाघ!" ते म्हणायचे.

चमकायचो आम्ही, यात शंका नाही. पण डीझेल माझ्या रबराच्या टोपीवरून ओघळायचं. लोखंडाला डीझेल चालतं. रबराला नाही चालत. पहिल्या वर्षी टोपी नुसती मऊ पडली. तिसऱ्या वर्षी ती फुगली. पाचव्या वर्षी तिला केसाएवढी चीर गेली. पुढच्या पावसाळ्यात त्या चिरेतून पाणी आत आलं, पाण्याबरोबर रेती आली. ग्रीस हळूहळू बाहेर गेलं आणि माझा गुळगुळीत गोळा रेतीत फिरायला लागला. करकर, करकर. ते ऐकणारा मी एकटाच होतो.

तरीही मी सांभाळून घेतलं असतं. खरंच सांगतो. पण मग ट्रक उंच झाला.

हर्षवर्धनरावांनी कुणाचा तरी उंच केलेला ट्रक रस्त्यात पाहिला आणि त्यांच्या मनात ते बसलं. शहराबाहेरच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये त्यांनी आमचा ट्रक नेला. तिथे स्प्रिंगांना जाड ठोकळे लावले, मोठाले टायर चढवले, आणि आमची गाडी चांगली वीतभर वर गेली. हर्षवर्धनराव आत बसले आणि खुशीत ओरडले, "अरे, इथून तर बसवाला पण बुटका दिसतो!"

त्रिवेणीताईंना साडी नेसून चढता येईना. त्यांनी घरातलं प्लॅस्टिकचं निळं स्टूल गाडीत ठेवून दिलं. उतरायचं झालं की तन्वी आधी उडी मारते, स्टूल लावते, मग आई उतरते. "लग्नाला गेले तरी स्टूल, देवळात गेले तरी स्टूल," त्रिवेणीताई म्हणायच्या. "लोकांना वाटतं मी स्टूल विकते."

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण ट्रक वर गेला, चाकं मात्र जमिनीवरच राहिली. मधला माझा दांडा, जो आयुष्यभर आडवा होता, तो आता भिंतीला लावलेल्या शिडीसारखा तिरका झाला. त्याच्या टोकाला मी मान वाकडी करून लोंबकळत होतो. तुम्ही दिवसभर मान वाकडी करून चालून बघा. मग त्याच मानेवर एक ट्रक ठेवून बघा. माझा गोळा खोबणीच्या मधोमध राहिलाच नाही, एका काठावर घासायला लागला. काठ झिजला. मी खुळखुळा झालो.

भीती तेव्हा सुरू झाली.

पहिला झटका तारनाक्याच्या पुलावर आला. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये लोखंडी पट्टी असते ना, तिच्यावरून चाक गेलं. एरवी एक धक्का बसतो आणि संपतं. त्या दिवशी संपलं नाही. मी खोबणीत इकडे आपटलो, मग तिकडे आपटलो, मग इकडे. चाक लटलटायला लागलं. स्टिअरिंग हर्षवर्धनरावांच्या हातात वेड्यासारखं थडथडायला लागलं. त्रिवेणीताई "अहो! अहो!" एवढंच म्हणत होत्या. वेग कमी झाल्यावर ते थांबलं.

"रस्ता खराब आहे," हर्षवर्धनराव म्हणाले. त्यांचा आवाज मात्र दांड्यातून बारीक होऊन खाली आला.

दुसऱ्या दिवशी ते ट्रक घेऊन जहांगीरभाईंकडे गेले. जहांगीरभाई म्हणजे तारनाक्याचे जुने मेकॅनिक, दाढी पांढरी, हात काळे. खोटं बोलणारा माणूस नाही. त्यांनी गाडी जॅकवर उचलली, चाक हवेत लोंबलं. मग त्यांनी चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं.

मी मनात ओरडत होतो, इकडे बघा, मी आहे, मी सुटतोय! पण मित्रांनो, झालं काय ते ऐका. चाक हवेत लोंबलं की ते आणखी खाली उतरतं. मग मी इतका वाकडा होतो की माझी दांडी खोबणीच्या काठात जाऊन अडकते. अडकलेला सांधा हलणार कसा? मी आक्रसून घट्ट बसलो होतो, आणि घट्ट बसलेला मी बाहेरून अगदी निरोगी दिसत होतो.

"कुछ बी नै है, साब," जहांगीरभाई म्हणाले. "एकदम टैट. टायर बड़े डाले ना, बैलेंसिंग करा लेओ."

बॅलन्सिंग झालं. झटका आला. अलाइनमेंट झालं. झटका आला. मग स्टिअरिंगचा थरकाप दाबणारा एक नवा शॉक-अब्सॉर्बर लावला. तो बिचारा पंधरा दिवस माझं थडथडणं दाबत राहिला, आणि सगळ्यांना वाटलं मी बरा झालो. ते पंधरा दिवस मला सगळ्यात जास्त भीती वाटली. थडथडणं हीच माझी एकुलती एक हाक होती, आणि तिच्यावर उशी दाबली होती.

आणि त्याच दिवसांत वरून आवाज आला, "त्रिवेणी, कितीदा म्हणतेस ना, श्रीशैलमला जाऊ या? येत्या रविवारी जाऊ. पहाटे पाचला निघू. घाटात या ट्रकची खरी मजा आहे!"

घाट. मला घाट माहीत आहे. पंप घेऊन आम्ही गेलो होतो एकदा. उतारावर सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं, एका वळणातून बाहेर पडतो न पडतो तोच दुसरं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. माझा गोळा आता खोबणीच्या ओठावर टेकला होता. एक मोठा खड्डा, एक करकचून घेतलेलं वळण, आणि मी बाहेर. तिघंही त्या गाडीत असणार होती. मी दिवस मोजायला लागलो. गुरुवार संपला. शुक्रवार आला.

शुक्रवारी सकाळी तन्वीला आणि तिच्या दोन दोस्तांना शाळेत सोडायचं होतं. जामबागला शाळा. सुजाता आणि तेजस मागच्या सीटवर बसले. पुलावरची पट्टी आली, आणि शॉक-अब्सॉर्बर असूनही मी असा काही लटलटलो की तेजसचा डबा सीटखाली घरंगळत गेला.

गाडीतून उतरल्यावर सुजाता म्हणाली, "तन्वी, तुमच्या ट्रकला ताप आलाय काय गं? केवढा कापत होता!"

"ताप नै, घाबरलाय तो," तेजस म्हणाला. "परवा श्रीशैलमला जायचंय ना, म्हणून."

"मग विचारा की त्याला!" तन्वी म्हणाली.

"तूच विचार," सुजाता म्हणाली. "हिंमत असेल तर शाळा सुटल्यावर सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून विचारायचं, 'तुला भीती वाटते का?' नाही विचारलं तर तुझ्याकडून मिर्ची बज्जी."

"आणि विचारलं तर तुझ्याकडून. दोन प्लेट!"

गेल्या वर्षीपर्यंत तन्वी वर्गात 'येस मिस' म्हणतानासुद्धा पुटपुटायची. यंदा तिला काय झालं होतं कुणास ठाऊक, लाज नावाची गोष्ट ती घरी विसरून यायची. शाळा सुटली. हर्षवर्धनराव गाडी चालू ठेवून फोनवर कुणाशी तरी पंपाच्या भावावरून वाद घालत होते. तन्वीने दप्तर सुजाताकडे दिलं, माझ्या चाकाशेजारी रस्त्यावर गुडघे टेकले आणि मोठ्याने विचारलं. तोच तो प्रश्न.

आणि तेव्हाच वर हर्षवर्धनरावांनी बोलता बोलता उगाच स्टिअरिंग जरासं इकडे तिकडे हलवलं. फोनवर बोलताना काही माणसं पेन टकटकवतात ना, तसं.

टक. टक.

मीच तो. दांडा हलला, मी खोबणीत आपटलो, चाक मात्र जागच्या जागी. ट्रक चारही चाकांवर नीट उभा होता. काठात अडकायला मला जागाच नव्हती, मी मोकळा होतो, आणि माझा सगळा खुळखुळा उघडा पडला.

तन्वीचं हसू थांबलं. मागचे हसतच होते. तिने मान आणखी खाली घातली. तिचा चेहरा मला चाकाच्या फटीतून दिसला, भुवईवर घाम, डोळे थेट माझ्यावर. आठ वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"पप्पा!" ती ओरडली. "परत हलवा! स्टिअरिंग परत हलवा!"

"काय झालं? कुणाला लागलं का?"

"नाही! दांडा हलतो आणि चाक हलत नाही!"

"अगं, जहांगीरभाईंनी बघितलंय ते सगळं. कपडे झटक. उशीर होतोय."

गाडी निघाली. दोन प्लेट बज्जी जिंकलेली मुलगी घरी उतरल्या उतरल्या पुन्हा माझ्या चाकाशी वाकली.

शनिवारी तिने एवढा धोशा लावला की दुपारी तिघंही जहांगीरभाईंच्या गॅरेजमध्ये हजर. त्रिवेणीताई आपल्या निळ्या स्टुलावर एका कोपऱ्यात बसल्या. हर्षवर्धनराव हातातली किल्ली बोटावर फिरवत होते. "मुलीच्या समाधानासाठी एकदा बघा, जहांगीरभाई. उद्या पहाटे निघायचंय."

जहांगीरभाईंनी जॅक लावला. चाक हवेत गेलं. मी पुन्हा काठात अडकलो. त्यांनी पुन्हा गदागदा हलवलं. मी जीव तोडून हलायचा प्रयत्न करत होतो, पण अडकलेल्याने हलायचं कसं?

"देखो बेटा. टैट है. तुम्हारे कान बजरे."

हर्षवर्धनराव हसले. "झालं समाधान?"

माझ्या अंगातलं उरलंसुरलं ग्रीस गोठलं. संपलं, मला वाटलं. पहाटे पाच.

"जहांगीरभाई, नीचे उतारो ना," तन्वी म्हणाली. "मैं कल नीचे से देखी. गाडी खडी थी तब देखी. माझा गुडघा दुखतो तर डॉक्टर मला पंख्याला उलटं टांगून तपासतात का?"

जहांगीरभाई खळखळून हसले. "क्या लड़की है! हौ, उतारतौं."

चाक जमिनीला टेकलं. ट्रकचं वजन माझ्यावर आलं. तन्वीने वडिलांना आत बसवलं. "पप्पा, इंजिन चालू. जोरात नाही फिरवायचं. थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे. माझं बोट हलेल तसं." मग ती जहांगीरभाईंना म्हणाली, "आप हाथ यहाँ रखो. आँख से नहीं, हाथ से."

जहांगीरभाई वाकले. त्यांचा काळा, खरखरीत पंजा माझ्याभोवती आवळला गेला.

टक. टक. टक.

त्यांचा हात आधी थांबला, मग चेहरा. चाळीस वर्षं त्यांनी बुटक्या, साध्या गाड्या हवेत उचलून तपासल्या होत्या आणि कधी चूक झाली नव्हती. उंच केलेली गाडी हवेत गेली की आपलं दुखणं लपवते, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"साब," ते हळूच म्हणाले. "इंजन बंद कर देओ. चाबी मेरेकू देओ."

त्यांनी चाक काढलं, माझा नट सोडवला. दांडी मोकळी करायला हातोडीचे दोन फटके लागतात. मग मला खोबणीसकट दांड्यावरून उतरवलं, आणि उघड्या तळहातावर धरून, गोळ्याला दोन बोटांनी उचललं.

गोळा बाहेर आला. दोन बोटांनी. लिंबातून बी निघावी तसा.

त्रिवेणीताई स्टुलावरून उठल्या. फाटलेली टोपी, आतला गंज, ओली रेती, सगळं जहांगीरभाईंनी एका फडक्यावर मांडलं. टोपीचं रबर त्यांनी अंगठ्याने दाबलं, तर ते शिळ्या जेलीसारखं तुटलं. त्यांनी वास घेतला.

"डीझल. ये रबर कू डीझल खाया, साब. कौन धोया नीचे से?"

हर्षवर्धनरावांनी आपले दोन्ही हात बघितले. "मी," ते म्हणाले. "दर खंडेनवमीला. मीच."

मित्रांनो, मला त्यांचा राग आला नाही. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. त्यांनी मला माझ्या जन्मदात्या कारखान्यापेक्षा जास्त घासलंपुसलं होतं. पण घासणं वेगळं आणि विचारणं वेगळं. आठ वर्षांत कुणी माझी टोपी एकदा बोटाने दाबून पाहिली असती, तर मी आज फडक्यावर नसतो. तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, शिलाई मशीन असेल, तर तिला नुसती चमकवू नका. ती कण्हते तेव्हा खाली वाका. ती जशी उभी राहून काम करते तशीच तिला उभी ठेवून तपासा. आणि थरथर औषधाने दाबू नका, ती कुठून येते ते शोधा.

मला वाटलं, माझी भीती इथे संपली. मी सुटलो, माणसं वाचली. मग जहांगीरभाईंनी खोक्यातून माझ्या जागी बसणारा नवा काढला. तरणाबांड, काळाभोर, टोपी तुकतुकीत, पाठीवर ताजा पिवळा ठिपका. पास झालेला. किती खूश होता तो!

"बसवा," हर्षवर्धनराव म्हणाले. "दोन्ही बाजूंचे बदला. डीझेल आता बंद. उद्या ठरल्याप्रमाणे जाऊ."

"बिठातौं, साब," जहांगीरभाई म्हणाले. "मगर एक बात. गाडी इतनी ऊँची रहेंगी तब तक ये बी टेढाइच लटकेंगा. बिना डीझल के बी घिसेंगा. मैं हर महीने देखतौं, पर बोलतौं, घिसेंगा."

"बघू. उंचीचं नंतर बघू."

नंतर! मी फडक्यावर पडल्या पडल्या पुन्हा गार पडलो. तो नवा पोरगा तिरका लोंबणार. त्याला काही माहीत नाही. त्याला वाटतंय, तो रेघेत चालणार आहे. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझा गोळा एकीकडे आणि खोबणी दुसरीकडे, आणि बोलता तर मला कधीच आलं नाही.

जहांगीरभाईंनी नव्याला उचललं. काम व्हायच्या आधीच हर्षवर्धनराव त्यांच्याकडे किल्ली मागायला हात पुढे करत होते.

तन्वी मध्ये येऊन उभी राहिली. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस, युनिफॉर्मच्या जुन्या शर्टला ग्रीस. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे.

"पप्पा, आई, मी ठरवलंय. ट्रक खाली उतरवून आधीसारखा करेपर्यंत मी त्यात बसणार नाही. सोमवारी शाळेत सिटी बसने जाईन. उद्या श्रीशैलमला जायचं तर तिघंही बसने जाऊ, नाहीतर मी घराच्या दारात आडवी पडेन. तुम्ही दोघं माझ्यावर रागवा, बोलू नका माझ्याशी, मला चालेल. तुम्ही दोघं त्या घाटात या गाडीत बसलेले मला चालणार नाही."